विचारधारा आणि पक्ष : बंगळुरूच्या एका अधिवेशनाचा धडा

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाचे गावाकडच्या राजकारणाविषयीचे कुतूहल कधी संपत नाही. बंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरम भागात माझे सध्या वास्तव्य आहे. येथील मराठी कुटुंबे एकत्र जमली की २०२२ नंतरच्या घडामोडींचा विषय निघतो आणि एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘खरा पक्ष कोणता?’ यावरून जुन्या स्नेह्यांमध्ये अबोला धरला गेल्याचेही मी पाहिले आहे. वस्तुतः या एका प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. पक्षाचे नाव आणि चिन्ह कोणाचे, हा पहिला. आणि ज्या विचारासाठी आपण त्या पक्षाला मत दिले तो विचार आता कोणाकडे आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर कायद्याने मिळते, दुसऱ्याचे मिळत नाही.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेऊ. राज्यसंस्थेने काय करावे व कशात पडू नये, संपत्तीची वाटणी कशी व्हावी, व्यक्ती आणि समाज यांचे नाते कसे असावे, याविषयीच्या सुसंगत विचारांना विचारधारा म्हणतात. निवडणुका लढवून सत्ता मिळवण्यासाठी उभारलेली संघटना म्हणजे पक्ष. त्याला सभासद, पदाधिकारी, निधी आणि चिन्ह लागते. आम्हां सरकारी नोकरांना हा भेद नियमानेच शिकवलेला आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पाचव्या नियमानुसार आम्हांला कोणत्याही राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. मात्र जमीनसुधारणा किंवा बँकव्यवहार यांविषयी मनात मत बाळगू नये, असे हा नियम म्हणत नाही.

आता इतिहासाकडे वळू. जुलै १९६९ मध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीचे अधिवेशन बंगळुरूच्या लालबागेतील काचघरात भरले होते. पक्षाचे अध्यक्ष होते म्हैसूर राज्याचे माजी मुख्यमंत्री निजलिंगप्पा. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी आर्थिक धोरणाविषयीचे एक टिपण तेथे पाठवले. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा पर्याय त्यात सुचवलेला होता. पक्षातील ज्येष्ठांना हे टिपण रुचले नव्हते, तरीही अधिवेशनाने ते स्वीकारले. म्हणजे ज्याला विचारधारेचा प्रश्न म्हणता येईल, त्यावर कागदोपत्री तरी एकमत झाले.

फूट पडली ती राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून. काँग्रेसच्या संसदीय मंडळाने बहुमताने नीलम संजीव रेड्डी यांचे नाव ठरवले. त्या बहुमतात मुंबईचे स. का. पाटील होते, मोरारजी देसाई होते आणि तत्कालीन गृहमंत्री यशवंतराव चव्हाणही होते. त्यानंतर घटना झपाट्याने घडल्या. मोरारजींचे अर्थखाते काढून घेण्यात आले, १९ जुलैला चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ऑगस्टमध्ये रेड्डींचा पराभव होऊन व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले. १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली बँक ऑफ महाराष्ट्र त्या चौदांपैकीच एक. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनाच पक्षातून काढण्यात आले आणि एका काँग्रेसच्या दोन झाल्या. बंगळुरूत रेड्डींच्या बाजूने मत देणारे यशवंतराव या फुटीत मात्र इंदिरा गांधींबरोबर राहिले आणि १९७० मध्ये अर्थमंत्री झाले.

प्रशासकीय दृष्ट्या मला सर्वांत बोधप्रद वाटतो तो यापुढचा भाग. बैलजोडी हे चिन्ह कोणाचे, हा वाद १९६८ च्या चिन्ह आदेशाखाली निवडणूक आयोगापुढे गेला. पक्षाच्या ध्येयधोरणांशी कोणता गट एकनिष्ठ आहे, या कसोटीचा विचार तेथे झाला. परंतु ती निरुपयोगी ठरली, कारण दोन्ही गटांपैकी कोणीही ती ध्येयधोरणे उघडपणे नाकारलेली नव्हती. अखेर संघटनेत आणि विधिमंडळांत बहुमत कोणाचे, याची मोजणी झाली. जानेवारी १९७१ मध्ये आयोगाने जगजीवनराम यांच्या अध्यक्षतेखालील गटास मान्यता दिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सादिक अली प्रकरणात तो निर्णय कायम ठेवला. दरम्यानच्या निवडणुकीत हा गट गाय-वासराच्या चिन्हावर लढून मोठ्या बहुमताने विजयी झाला होता. डोकी मोजता येतात, निष्ठा मोजता येत नाही. शासनयंत्रणेची ही मर्यादा तेव्हाच स्पष्ट झाली.

मग त्या विचाराचे पुढे काय झाले? १९७७ मध्ये संघटना काँग्रेस जनता पक्षात विलीन झाली आणि मोरारजी पंतप्रधान झाले. त्या पक्षात समाजवादी होते, तसेच जनसंघाचेही लोक होते. तरीही बँका जुन्या मालकांना परत केल्या गेल्या नाहीत. १९८० मध्ये इंदिरा गांधींनी आणखी सहा बँका ताब्यात घेतल्या. नंतर १९९१ पासून नरसिंह राव यांच्या काँग्रेस सरकारनेच निराळी वाट धरली आणि १९९३ मध्ये नव्या खासगी बँकांना दार उघडले. पक्षाचे नाव तेच राहिले, विचार बदलला. आणि १९६९ चा निर्णय त्याच्या विरोधकांच्या राजवटीतही टिकला.

कायद्याने पक्षाला विचार जोडण्याचा प्रयत्न केलेला नाही असे नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९-अ नुसार, नोंदणी करू इच्छिणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवरील निष्ठा आपल्या घटनेत लिहावी लागते. परिणामी खुल्या बाजाराचा पुरस्कार करणारा पक्षही समाजवादाची शपथ घेऊनच नोंदला जातो. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी या विसंगतीवर सातत्याने बोट ठेवले होते.

हा भेद आमच्या मतदारसंघानेही अनुभवला आहे. के. आर. पुरमचे आमदार बैरती बसवराज २०१८ मध्ये काँग्रेसतर्फे निवडून आले. २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, पक्षांतरबंदीखाली ते अपात्र ठरले आणि डिसेंबरच्या पोटनिवडणुकीत भारतीय जनता पक्षातर्फे पुन्हा विजयी झाले. मतदारसंघ तोच, उमेदवार तोच; दीड वर्षात चिन्ह मात्र बदलले. येथे मते विचारधारेला पडली, पक्षाला पडली की व्यक्तीला, हे मतपेटी सांगत नाही.

महाराष्ट्रात फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव व चिन्ह कोणाला द्यावे याचा निर्णय आयोगाने दिला, तेव्हाही निर्णायक ठरले ते विधिमंडळातील बहुमतच. त्या निर्णयांच्या गुणदोषांची चर्चा मी येथे करणार नाही. माझ्या पदाला ते शोभणारे नाही. सांगायचे इतकेच की आयोगाचा आदेश हा नाव आणि चिन्ह यांच्या ताब्याविषयीचा आदेश असतो. कोणाचा विचार खरा आणि कोणी तो सोडला, याचे प्रमाणपत्र त्यात शोधू नये.

तो निवाडा मतदाराने स्वतःच करायचा असतो. त्यासाठी एक साधी पद्धत सुचवतो. जमीन, पाणी, शिक्षण, बँका, भाषा अशा पाच-सहा विषयांवर आपले स्वतःचे मत आधी कागदावर लिहून काढावे आणि मग प्रत्येक पक्षाने सत्तेत असताना त्या विषयांवर काय केले, ते शेजारी मांडावे. क्वचितच एखादा पक्ष सर्व रकान्यांत आपल्याशी जुळेल. न जुळणारे रकाने दिसू लागले, की समोरच्या स्नेह्याचा पक्ष वेगळा असूनही त्याचे कितीतरी विचार आपलेच आहेत, हेही ध्यानात येते.