रायफल चमकली पाहिजे

लखनौला मी एका एनसीसी बटालियनवर पी.आय. स्टाफ होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पलटणीतून पाठवलेला हवालदार, त्यानं कॉलेजच्या पोरांना कवायत आणि फायरिंग शिकवायचं, कोतमधली हत्यारं सांभाळायची. काम हलकं. पलटणवाले चेष्टा करतात, पण पोरांच्यात राहिलं की माणूस ताजा राहतो.

ऑगस्टचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन. मी फॉलइनमध्ये मोठ्यानं सांगितलं, "कल रायफल चमकनी चाहिए!" आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर एक कॅडेट .२२ रायफल घेऊन हसत उभा. घरून रेजमाल, म्हणजे आपला पॉलिश पेपर, आणून त्यानं नळी घासली होती. वीतभर जागा चांदीसारखी पांढरी. "उस्ताद, चमका दिया."

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. हुकूम माझाच होता ना.

त्या पोरानं जे केलं ते शिपाईगिरीत फार जुनं आहे. कंपनी सरकारच्या शिपायाच्या हातातली जुनी बंदूक, जिला ब्राउन बेस म्हणतात, तिची नळी उघड्या लोखंडाची, पांढरी असे. गंज चढू नये म्हणून ती सतत घासायची. विटेची पूड, तेल, चिंधी. परेडवर सूर्य पडला की रांग झळकली पाहिजे, हा साहेबाचा आग्रह. घासून घासून नळ्या झिजायच्या, तरी घासणं थांबत नसे. चकाकी म्हणजेच शिस्त, हे तेव्हापासून डोक्यात बसलंय.

मग १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड आली. नळीच्या आत आटे, तोंड .५७७ इंचाचं, आणि बाहेरून नळी निळसर काळी. ही घासायची नव्हती, पुसायची होती. पण तिच्या काडतुसाच्या कागदाला वंगण लागे. काळ्या दारूची काजळी नळीत साचते, वंगण नसेल तर गोळी खाली उतरत नाही. ते वंगण कशाचं, गायीच्या चरबीचं की डुकराच्या, हे शिपायाला कुणी नीट सांगितलं नाही. जानेवारी १८५७ अखेर सरकारनं हुकूम काढला की काडतुसं बिनवंगणाची द्या, शिपाई आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावतील. तोवर उशीर झाला होता. विश्वास गेला की खुलासासुद्धा कबुलीसारखा वाटतो. मेच्या सुरुवातीला इथंच, लखनौत, ७ व्या अवध इर्रेग्युलर पायदळानं काडतुसं नाकारली आणि सर हेन्री लॉरेन्सनं त्या पलटणीची हत्यारं काढून घेतली. १० मेला मेरठ पेटलं. ३० जूनला चिनहटची लढाई झाली आणि रेसिडेन्सीला वेढा पडला. ८७ दिवसांनी पहिली कुमक आत पोचली, तीही आतच अडकली. नोव्हेंबरात सुटका झाली.

बंड काही फक्त चरबीमुळे झालं नाही. आदल्याच वर्षी अवधचं राज्य खालसा झालं होतं, आणि कंपनीच्या बंगाल फौजेतले कितीतरी शिपाई याच गावांतले. पण वंगणाची गोष्ट मला एका कारणानं सोडत नाही. हत्यार हातात देणाऱ्यानं 'का' सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी मी सगळ्या कॅडेट्सना कोतसमोर बसवलं आणि ते 'का' सांगितलं. निळी नळी म्हणजे रंग नव्हे. तोही एक गंजच, पण माणसाळवलेला. लोखंड कॉस्टिक आणि नायट्रेट क्षारांच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंशांवर बुडवलं की वर काळ्या ऑक्साइडचा थर येतो. त्याआधीचे कारागीर नळीवर मुद्दाम गंज चढवत, पाण्यात उकळून तो काळा करत, खरडून काढत, पुन्हा चढवत, असं कित्येक वेळा. हा थर केसाहून कितीतरी पातळ. तो एकटा लोखंडाला वाचवत नाही; त्याचं काम तेल धरून ठेवायचं. तेल गेलं की खालून लाल गंज फुटतोच. आणि गंज काढायला लिंबू, चिंच, ॲसिड लावाल तर गंजाबरोबर निळाईही जाईल, कारण दोन्ही एकाच लोखंडाची पोरं.

म्हणून: घाम लागलेला हात फिरला की लगेच पुसा, घामातलं मीठ बोटांचे ठसे कायमचे उमटवतं. तेलाचा हात अगदी पातळ, कोरड्या चिंदीनं. थबथबलेलं तेल धूळ धरतं. लखनौच्या जानेवारीतल्या धुक्यातून रायफल उबदार खोलीत आणली की ती घामेजते. थोडं थांबा, पुसा, मग तेल. चामड्याच्या किंवा कापडी कव्हरात महिनोनमहिने ठेवू नका. कुठं लाल ठिपका दिसलाच तर तेल टाकून रात्रभर राहू द्या, सकाळी जाड कापडानं हळू चोळा. नाहीच गेला तर आर्मोररला दाखवा, स्वतःचं डोकं चालवू नका.

एक आपल्याकडची गोष्टही सांगितली. खंडेनवमीला शस्त्रपूजा होते. हळद-कुंकू, पाणी, वर ओला झेंडू. श्रद्धेनं वाहावं, पण रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी प्रत्येक फुलाखाली तांबडा डाग. आमचा कोत हवालदार आरती संपली की फुलं उचलायचा, पुसायचा, तेल लावायचा. पहिल्या वर्षी मला ते अशुभ वाटलं होतं.

.३०३ च्या जमान्यातले जुने उस्ताद फायरिंगनंतर नळीतून उकळतं पाणी ओतायचे. नव्या पोरांना ते वेड वाटे. काडतुसाच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे, ते जळून नळीत क्षार राहतो, आणि तो तेलानं निघत नाही, पाण्यानंच विरघळतो. खडकीचा शिक्का असलेली पेटीच्या पेटी काडतुसं वापरलेल्या माणसांना हे पाठ होतं. आम्हाला कारण कुणी सांगितलं नाही, पाणी मात्र आम्ही ओतत होतो.

राहिला त्या रायफलीचा प्रश्न. सरकारी मालाचं नुकसान, लिहून द्यावंच लागलं. कॅडेटचं नाव लिहिलं असतं तर त्याच्या वार्षिक कॅम्पवर गदा आली असती. मी खरं तेच लिहिलं: सफाईच्या सूचना अपुऱ्या दिल्या, जबाबदारी माझी. साहेबांनी वर पाहिलं, दोन मिनिटं खरमरीत ऐकवलं, सही केली.

नळी पुन्हा निळी करायला वर्कशॉपला पाठवायची तर बारी यायला वेळ होता. तोवर ती पांढरी वीत उघडीच. दर शनिवारी तो कॅडेट न सांगता कोतवर येई, त्या जागेवर तेलाचा बोळा फिरवी, उजेडाकडे धरून बघे आणि रॅकमध्ये ठेवी. माझी बदली झाली तेव्हा तिथं फिकट तपकिरी झाक आली होती. गंज मात्र नव्हता.