निवासी डॉक्टरचं बाळंतपण

‘निवासी डॉक्टर’ या शब्दातला ‘निवासी’ आज कुणाच्या कानाला खटकत नाही. पण मुळात तो अगदी शब्दशः वापरात आला: रुग्णालयातच राहणारा डॉक्टर. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला १८८९मध्ये जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय उघडलं आणि तिथे विल्यम ऑस्लर, विल्यम हॉल्स्टेड यांनी या प्रशिक्षणाची घडी बसवली. तरुण डॉक्टरांच्या खोल्या मुख्य इमारतीत, घुमटाखाली. जेवण तिथेच, झोप तिथेच, आणि रात्री वॉर्डातून बोलावणं आलं की धावायचं. हा डॉक्टर पुरुष आणि अविवाहित असणार, हे गृहीतच धरलेलं. बिनसंसारी माणसाच्या मापानं शिवलेला हा अंगरखा पुढे जगभर गेला.

त्याच संस्थेचं वैद्यकीय महाविद्यालय १८९३मध्ये सुरू झालं, तेव्हा पैसे कमी पडत होते. मेरी गॅरेट यांनी मोठी देणगी दिली, पण मुलींना मुलांच्याच अटींवर प्रवेश द्यायचा, असं बजावून. त्या दारातून आत आलेली डोरोथी रीड १९००मध्ये पदवीधर झाली, ऑस्लर यांच्या हाताखाली राबली, आणि १९०२मध्ये हॉजकिन्स आजाराची ओळख पटवणारी पेशी तिनं तपशिलात दाखवून दिली. आजही ती पेशी तिच्या नावानं शिकवली जाते. १९०६मध्ये लग्न झालं आणि तिची डॉक्टरकी थांबली. पहिली मुलगी जन्मानंतर काही तासांतच गेली. १९१४मध्ये ती कामावर परतली, ती माता आणि बालकांच्या आरोग्याचा ध्यास घेऊनच.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा आपल्याकडे आधी झाला तो डॉक्टरसाठी नव्हे, कारखान्यातल्या बाईसाठी. मुंबई प्रांतानं १९२९मध्ये प्रसूती लाभ कायदा केला. त्याआधी १९२८मध्ये विधिमंडळात बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूनं उभे राहिले होते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, म्हणून भार केवळ मालकानं नव्हे, सरकारनंही उचलावा, ही त्यांची भूमिका आजही वाचण्यासारखी आहे. १९६१च्या केंद्रीय कायद्यानं १२ आठवडे दिले. २०१७च्या दुरुस्तीनं पहिल्या दोन अपत्यांसाठी ते २६ झाले.

निवासी डॉक्टर मात्र कायम उंबरठ्यावर. फी भरताना ती विद्यार्थिनी, इमर्जन्सीत रात्र काढताना कर्मचारी. पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यात ८० टक्के हजेरी सक्तीची. सहा महिने रजा घेतली की टर्म वाढते. बरोबरचे परीक्षा देऊन बाहेर पडतात आणि ती ज्युनिअर बॅचबरोबर पुन्हा त्याच लेबर रूमच्या ड्यूटीला. तिच्या जागी बदली माणूस येत नाही. तिच्या रात्री को-रेसिडेंट वाटून घेतात. म्हणून पोट दिसू लागलं की सहकाऱ्यांच्या नजरेलाही तिला सामोरं जावं लागतं. हा दोष त्या सहकाऱ्यांचा नाही. तीन जणांत चौघांचं काम भागवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

जिथे ही पद्धत जन्मली तिथेही उशीरच झाला. अमेरिकेच्या १९९३च्या कायद्यानं १२ आठवडे रजा दिली खरी, पण बिनपगारी, आणि नोकरीला वर्ष झालेल्यांनाच. प्रशिक्षण न वाढवता आणि सुट्ट्या न संपवता एकदा तरी किमान सहा आठवडे मिळावेत, हा नियम तिथल्या विशेषज्ञ मंडळांनी लागू केला २०२१मध्ये. पूर्ण पगारी सहा आठवडे आले २०२२मध्ये, बापालाही आणि दत्तक घेणाऱ्यालाही.

आपल्याकडचं एक प्रकरण तारखांसह पाहण्यासारखं आहे. दिल्लीतल्या एका सरकारी रुग्णालयात एक पॅथॉलॉजिस्ट जून २०१४मध्ये सीनिअर रेसिडेंट म्हणून कंत्राटावर रुजू झाली. जास्तीत जास्त मुदत तीन वर्षं. तिनं १ जून २०१७पासून प्रसूती रजा मागितली. कंत्राट संपत होतं ११ जूनला. रजा मंजूर झाली ती ११ दिवसांची. प्रशासकीय न्यायाधिकरणानं तिचं म्हणणं फेटाळलं, दिल्ली उच्च न्यायालयानंही. अखेर १७ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की प्रसूतीचे लाभ नोकरीच्या मुदतीपलीकडेही जातात. कंत्राट संपलं म्हणून ते तोडता येत नाहीत. थकलेली रक्कम तीन महिन्यांत द्यायची होती.

त्याच वर्षीच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण नियमावलीनं विद्यार्थिनींना सरकारी नियमांप्रमाणे प्रसूती रजा आणि पुरुषांना पितृत्व रजा लिहून दिली. सोबत वर्षाला २० दिवसांची पगारी रजा. मंजूर दिवसांपेक्षा जास्त रजा झाली, तर तेवढे दिवस अभ्यासक्रम वाढतो, हे कलमही तिथेच आहे.