शेळीनं राखलेलं सीताफळ

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडात परसदारी बालाघाटाचं गावरान सीताफळ लावायचं म्हटलं, की पहिली अडचण रोपाची. रोपवाटिकांत चलती एनएमके-१ गोल्डन या वाणाची: फळ मोठं, बिया कमी, तोडल्यावर टिकाऊ. गावरान फळ लहान, बियांनी भरलेलं, पिकलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागणारं. पण गोडी आणि वास असा, की २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं बी हवं तर हंगामात धारूरच्या डोंगराकडचं फळच गाठावं लागतं. त्या शोधात एक गोष्ट ध्यानात आली आणि या फळाच्या कुळाचा जुना वाद मला निराळाच दिसू लागला. सीताफळाच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही.

सर्वमान्य कथा एका ओळीची: मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण भागात, तिथून पोर्तुगीजांच्या गलबतांतून भारतात. पण १८७४ मध्ये अभ्यासक जॉर्ज बर्डवूड यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांत सीताफळ दाखवून दिलं. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमना ते भरहुत आणि मथुरेच्या शिल्पांतही दिसलं. पोर्तुगीजांनी फळ आणलं हे कनिंगहॅमना मान्य होतं. ते इथं आधीपासूनच होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यांनी रानोमाळ पसरलेल्या सीताफळांकडे बोट दाखवलं.

चित्रांचा पुरावा मला पटत नाही. त्यातलं फळ सीताफळाच्या मानानं फारच मोठं आहे. माझ्या मते तो फणस असावा. शिवाय जुने लेखक गप्प आहेत. हिंदुस्थानची फळं हौसेनं नोंदवणारा बाबर सीताफळाचं नाव काढत नाही. गोव्यात राहून इथल्या वनस्पतींवर ग्रंथ लिहिणारा गार्सिया द ओर्ता १५६३ मध्येही काढत नाही. ‘ऐने अकबरी’च्या इंग्रजी भाषांतरात सीताफळ सापडतं खरं, पण मुळात शब्द आहे ‘सदाफळ’, आणि ते बेलफळही असू शकतं. १६७२ साली छापलेल्या व्हिन्चेंझो मारिया या पाद्र्याच्या ग्रंथात मात्र या कुळातली दोन फळं सर्रास मिळणारी म्हणून येतात. म्हणजे ओर्ता आणि हा पाद्री यांच्यामधल्या शंभरेक वर्षांत सीताफळानं देशात पाय रोवले.

‘सीतेचं फळ परकं कसं?’ असं कुणी विचारतं. पण रामफळही याच अमेरिकी कुळातलं. आल्यागेल्याला आपल्या देवाचं नाव देऊन घरात घेणं ही आपली जुनी रीत आहे.

सगळ्यांत अवघड पुरावा २००९ चा. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा इथल्या उत्खननात सीताफळाचं जळकं बी मिळालं आणि त्याचा काळ इसवी सनापूर्वी १५२० च्या सुमाराचा निघाला. हे बी सहज झटकून टाकता येत नाही. कोलंबसाच्या कितीतरी आधी कुणी समुद्र ओलांडला असेलही. तरी एका बीवरून तीन हजार वर्षांची अखंड परंपरा उभी राहत नाही. आलं असेल, तर ते तिथंच खुंटलं असावं.

उरतं रान. कनिंगहॅमना जे मूळपणाचं लक्षण वाटलं, तिथं माझी शेळी आडवी येते. आमच्या माळावर आंब्याचं, चिंचेचं कोवळं रोप चराईतून वाचत नाही. सीताफळाच्या पानाबियांत कीटकांनाही मारक अशी द्रव्यं आहेत, म्हणून गुरं त्याला टाळतात. पाणी तुटपुंजं, जमीन मुरमाड, चराई अफाट, अशा डोंगरावर परकं झाडही शे-दोनशे वर्षांत रान व्यापू शकतं. रानटीपणावरून जन्मगाव ठरत नाही. गुरांना काय आवडत नाही, एवढंच कळतं.

लावताना हेच उपयोगी पडतं. चांगल्या पिकल्या फळाचं बी एक-दोन दिवस भिजवून पेरावं. उगवायला महिना-दीड महिना लागतो. कुंपण नसलं तरी चालतं. तीन-चार वर्षांनी पावसाच्या तोंडावर फुलं येतात. फुलात मादीभाग आधी तयार होतो, पराग मागून सुटतात. म्हणून एका फुलाचे पराग सकाळी बारीक ब्रशनं दुसऱ्याच्या मादीभागावर लावले, की फळं जास्त धरतात. फळाचे डोळे उघडले, की तोडून आढी घालावी.

शेळीनं डोंगरावर राखलेलं हे वाण रोपवाटिकांच्या निवडीतून मात्र वाचणार नाही. चार बिया निवडून ठेवणं आता आपल्याकडे आलं आहे.