कणगीतले बियाणे आणि पाकिटातले बियाणे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या एमआयडीसीत, पाऊल टाकले की दोन उद्योगांची ओळख पटते. एकीकडे लोखंडी सळया तयार करणाऱ्या गिरण्यांचा धूर, तर दुसरीकडे बियाणे निवडून, त्यास औषध चोळून ते पाकिटांत भरणारे कारखाने. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या वैभवाची. ही पेठ बियाण्याची पेठ कशी झाली आणि त्या वाटचालीत घरोघरचे बियाणे कोठे गेले, हे आमच्या धर्मग्रामांतील शेतकरी कुटुंबांनी जाणून घ्यावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पूर्वी मराठवाड्यात बियाणे विकत आणणे हे कमीपणाचे लक्षण मानले जाई. ज्वारीची टपोरी, भरलेली कणसे पीक उभे असतानाच हेरून ठेवीत. ती वेगळी खुडून, वाळवून आढ्याला टांगीत. डाळवर्गाचे बी राखेत घोळून गाडग्यात भरीत आणि तोंड मातीने लिंपून टाकीत. कणगीत कडुलिंबाचा पाला घालीत. हे सारे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. पेरणीच्या दिवशी तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणारीही बहुधा घरची लक्ष्मीच असे. वसई-मुंबईकडील आपले बांधव आगेऱ्याला भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादासाठी मंदिरात नेतात, त्यामागेही पहिल्या दाण्याविषयीचा हाच आदर आहे.

जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या 'पुसा सावनी' या सुधारित जातीचे बियाणे पिकविण्यापासून आरंभ केला आणि 1964 मध्ये महिको ही कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी 'सीएसएच-1' हे ज्वारीचे संकरित वाण देशात प्रसृत झाले. संकरित बियाण्याचा प्लॉट ज्यांनी पाहिला नसेल, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ज्वारीच्या शेतात मादीच्या काही ओळी, मग नराच्या काही ओळी असा क्रम असतो. मादी-ओळींतील कणसांवर नराचा पराग पडून संकर होतो. कपाशीचे काम याहून किचकट. सायंकाळी उद्याच्या कळ्यांतील पुंकेसर हाताने काढायचे आणि सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग तेथे लावायचा. आमच्या भागात हजारो मजूर स्त्रियांच्या बोटांनी हे काम केले आहे. असे बी पहिल्या वर्षी जोमाने येते. पण त्याचेच धान्य पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे राहत नाही, कोठे उंच, कोठे खुजे. म्हणून शेतकऱ्याला दर पावसाळ्यापूर्वी दुकान गाठावे लागते. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखले, ते हात गिऱ्हाइकाचे झाले.

याचा अर्थ संकरित वाणांनी अपायच केला, असे आम्ही म्हणणार नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांना अधिक धान्य देणाऱ्या ज्वारीचे मोल ठाऊक आहे. बारवाले यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार लाभला, तो उगाच नव्हे. परंतु पावसात सापडलेली 'हायब्रीड' काळी पडे आणि बुटक्या ताटांमुळे कडबा कमी मिळे. जनावरांच्या वैरणीचा विचार ज्या घरात होता, तेथे रब्बीची मालदांडी टिकली, ती याच कारणाने. कपाशीचे मात्र तसे झाले नाही. नांदेड-परभणीकडील गावरानी कापूस निजामाच्या राजवटीत नावाजलेला होता. तो मागे पडला. मार्च 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर थोड्याच वर्षांत शिवार एकरंगी झाले आणि 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर त्याच बोंडांचा फडशा पाडला.

फळांची कथा निराळी आहे. कोयीपासून उगवलेल्या गावरान आंब्याचे प्रत्येक झाड स्वतंत्र वाणाचे. म्हणून शेप्या, खोबऱ्या, साखऱ्या, गोट्या अशी झाडागणिक नावे. आमराया तुटल्या तशी ही नावेही गेली. नावांची यादीसुद्धा कोणी करून ठेवली नाही, याची आम्हांस खंत वाटते. याउलट जालन्याची मोसंबी डोळे भरून वाढविलेली. तिला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु त्यापूर्वीच, 2012-13 च्या दुष्काळात, कित्येक बागा वाळून गेल्या होत्या आणि शेतकऱ्यांनी त्यांवर कुऱ्हाड चालविली होती. मानांकन नावाला मिळते, मुळांना पाणी मिळत नाही.

एकाच वाणावर विसंबणे किती महाग पडते, हे आयर्लंडने 1845 पासूनच्या दुष्काळात भोगले. गरिबांचा बटाटा बहुतांशी 'लंपर' या एकाच जातीचा. त्यावर करपा पडला आणि सुमारे दहा लाख माणसे दगावली. पीक बुडाल्यावर शेजाऱ्याकडून आणावे असे वेगळे बी तेथे जवळजवळ नव्हतेच.

आपल्याकडे कायद्याने एक दार उघडे ठेवले आहे. 2001 च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी आपले बियाणे राखू शकतो, पेरू शकतो, शेजाऱ्याला देऊ शकतो, विकूही शकतो. मात्र संरक्षित वाणाचे बी छाप लावून विकता येत नाही. पिढीजात वाणाची नोंदणीही शेतकऱ्याच्या नावे होऊ शकते. आमच्या माहितीतील फार थोड्या घरांना हे ठाऊक आहे. राज्य शासनानेही एप्रिल 2022 मध्ये महाराष्ट्र जनुक कोश प्रकल्पास मंजुरी दिली.

पण खरे काम अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावी झाले. राहीबाई पोपेरे यांचा जन्म 1964 चा, म्हणजे महिकोच्या स्थापनेच्याच वर्षीचा. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या महादेव कोळी भगिनीने 'बायफ' संस्थेच्या साहाय्याने वाल, भात, भाज्या अशा कितीतरी गावरान वाणांची बँक उभारली आणि 2020 च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले. त्यांच्या बँकेचा व्यवहार असा : बी न्यावे, पिकवावे आणि हंगाम झाल्यावर दुप्पट परत करावे. सावकाराच्या दिढीने गांजलेल्या आमच्या भागाला हा हिशेब ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की दिढी सावकाराच्या पेवात जाई, आणि हे दुप्पट बी पुढच्या गरजू घरी जाते.