झिरपत्या औषधाची कुळकथा

औषध शरीरात घालण्याच्या युक्त्या मनुष्याने प्राचीन काळापासून पुष्कळ शोधल्या. परंतु घातलेले औषध किती मुदतीत आणि कोणत्या प्रमाणात उतरावे, याचा बंदोबस्त करण्याची विद्या मात्र जेमतेम नव्वद वर्षांची आहे. लंडनमध्ये १९३७ साली रूथ डीन्सली व ॲलन पार्क्स या संशोधक दांपत्याने संप्रेरकांची भुकटी दाबून केलेल्या वड्या प्राण्यांच्या कातडीखाली ठेवल्या, आणि एकदा ठेवलेली वडी दीर्घकाळ आपला अंमल गाजवते असे दाखवून दिले, तेव्हा या कुळाचा मूळपुरुष जन्मास आला असे म्हणावयास हरकत नाही. त्या वडीत एक उपजत वैगुण्य होते. ती झिजू लागली म्हणजे तिचा पृष्ठभाग आक्रसे, आणि रोजची मात्राही त्याबरोबर घटत जाई.

या वैगुण्यावरचा तोडगा औषधशास्त्राच्या दप्तरातून निघाला नाही, तो शल्यचिकित्सकांच्या हाती लागला. १९६०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत, मेरीलँडमधील बेथेस्डा येथील अमेरिकन नौदलाच्या वैद्यकीय केंद्रात ज्यूडा फोकमन आणि डेव्हिड लाँग हे दोघे तरुण डॉक्टर हृदयाच्या मंदावलेल्या ठोक्यांवर उपाय शोधीत असता, सिलिकॉन रबराच्या अखंड नळीतूनही काही रंगद्रव्ये, माठातले पाणी पाझरावे तशी, बाहेर पाझरतात आणि काही आतच राहतात, असे त्यांच्या ध्यानात आले. नळी पाझरते म्हणून दुसरी मागवणारे संशोधक उदंड असतील. या दोघांनी मात्र त्या दोषाचीच चौकशी आरंभिली, आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारे लहान रेणू या रबरातून मार्ग काढतात हे ओळखून, औषधे भरलेल्या सिलिकॉनच्या कुप्या कुत्र्यांच्या हृदयाच्या स्नायूत बसवल्या. १९६४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे याच गुणाचा उपयोग करून भूल देण्याचे वायूही सिलिकॉनच्या नळीतून रक्तात उतरवून पाहण्यात आले.

या कुपीचे मर्म अॅडॉल्फ फिक याने १८५५ साली मांडलेल्या नियमात आहे. पदार्थाचा प्रवाह दाट बाजूकडून विरळ बाजूकडे वाहतो, आणि त्याचा वेग दोन्ही बाजूंच्या दाटपणातील अंतरावर ठरतो. कुपीत न विरघळलेले औषध शिल्लक आहे तोवर आतील दाटपणा ढळत नाही. सबब बाहेर पडणारी मात्राही, निदान सिद्धान्ताप्रमाणे, पहिल्या महिन्यात जेवढी तेवढीच तिसाव्या महिन्यात राहते. भिंत जाड केली की मात्रा कमी, कुपी लांब केली की अधिक.

न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलमधील शेल्डन सेगल यांना या पाझरात संततिनियमनाचे साधन दिसले, आणि फोकमन यांनीही मोबदल्याची अपेक्षा न धरता आपली कल्पना त्या संस्थेला वापरू दिली. चिलीचे होरासिओ क्रोक्साटो यांच्या साहाय्याने तेथे जे घडले ते नॉरप्लांट: प्रत्येकी ३६ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल भरलेल्या, ३४ मिलिमीटर लांबीच्या सहा कुप्या, दंडाच्या आतील बाजूस कातडीखाली पंख्याच्या आकारात बसवावयाच्या आणि पाच वर्षे विसरून जावयाच्या. सिद्धान्ताने योजलेली समानता शरीरात काही तंतोतंत उतरली नाही. आरंभी रोज सुमारे ८५ मायक्रोग्रॅम झिरपणारे औषध नवव्या महिन्याच्या सुमारास ५०वर आणि पुढे ३०वर येई. तरीही तेवढे पुरेसे होते. १९८३ साली फिनलंडने आणि १९९०च्या डिसेंबरात अमेरिकेने तिला परवानगी दिली.

परंतु ज्या गुणासाठी ती मान्य झाली त्यातच तिच्या वादाचे बीज होते. गोळी स्त्रीने स्वतः थांबवावी. कुपी मात्र काढावयाची तर डॉक्टर पाहिजे, छेद पाहिजे, आणि भोवती जमलेल्या तंतुमय ऊतीतून ती सोडवण्याचे कसब पाहिजे. परवानगीस महिनाही लोटला नाही तोच कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाने एका आरोपी स्त्रीला ती बसवून घेण्याची अट शिक्षेत घातली, आणि पाझराचा वेग ठरवणाऱ्या विज्ञानाने पाझर बंद करण्याचा हक्क कोणाचा हे मुळीच ठरवले नव्हते, ही गोष्ट चव्हाट्यावर आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आपल्याकडे या कुप्यांच्या चाचण्या घेतल्या, तेव्हा संमती नीट समजावून घेतली काय, कुप्या काढण्याची तजवीज आहे काय, हे प्रश्न येथील स्त्री-संघटनांनी लावून धरले. त्यांना विज्ञानविरोधी ठरवणे सोपे होते. माझ्या मते त्यांनीच यंत्रणेतील उणी जागा नेमकी दाखवली. अमेरिकेच्या बाजारातून नॉरप्लांट २००२ साली गेली.

दरम्यान या कुळाची दुसरी शाखा बॉस्टनमध्ये फुटली. फोकमन आता तेथील बालरुग्णालयात अर्बुदांच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करीत होते, आणि त्यासाठी प्रथिनांसारखे अवजड रेणू सावकाश सोडणारे द्रव्य त्यांना हवे होते. एवढे मोठे रेणू घन बहुवारिकातून जाणे अशक्य, असा तज्ज्ञांचा कौल होता. रॉबर्ट लँगर या रसायन-अभियंत्याने प्रथिनांची भुकटी एथिलीन-व्हिनिल ॲसिटेटमध्ये कालवून, तीत वेड्यावाकड्या छिद्रांचे जाळे राहील असे केले, आणि रेणू त्या चक्रव्यूहातून महिनोन्‌महिने वाट काढीत बाहेर पडतात हे १९७६ साली सिद्ध केले. तरी त्याचे अनुदानाचे पहिले नऊ अर्ज नामंजूर झाले. दफ्तरशाहीचा वेग कोणत्याही बहुवारिकाहून मंद असतो. पुढे त्याने हेन्री ब्रेम यांच्यासह, पृष्ठभागापासून थराथराने झिजणाऱ्या पॉलिॲनहायड्राइडच्या चकत्या मेंदूतील अर्बुद काढून रिकाम्या झालेल्या जागी ठेवण्याची रीत काढली, तिला १९९६ साली मान्यता मिळाली. प्रत्येक चकतीत ७.७ मिलिग्रॅम कारमस्टीन असते, आणि चकती स्वतःच विरघळत असल्याने ती काढण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र एकदा जखम शिवली की मात्रा मध्येच थांबवण्याची सोयही उरत नाही.

तीही सोय साधण्याचा यत्न लँगर व त्याचे सहकारी जॉन सांतिनी आणि मायकेल सीमा यांनी केला. सोन्याच्या पातळ पत्र्याने झाकलेल्या सूक्ष्म कोठ्यांचा, विजेच्या इशाऱ्याने एकेक कोठी उघडणारा सिलिकॉनचा तुकडा त्यांनी १९९९ साली दाखवला. हे सिलिकॉन रबर नव्हे, तर संगणकातील मूलद्रव्य. अशाच रचनेचे उपकरण पुढे डेन्मार्कमध्ये हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांच्या शरीरात बसवून, बिनतारी हुकुमाने टेरिपॅराटाइडच्या मात्रा सोडून पाहिल्या, आणि २०१२ साली तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कोणती कोठी कोणत्या दिवशी उघडावी, हे तेथे शरीराबाहेरून ठरत होते. उपकरण काढावयाचे तेव्हा मात्र छेद पुन्हा घ्यावाच लागला.