कुलूप आणि सवड

लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप दुकानाच्या खिडकीत टांगून ते उघडणाऱ्यास 200 गिनींचे बक्षीस लावले होते. साठेक वर्षे कोणाची मात्रा चालली नाही. 1851 साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. मात्र 16 दिवसांत मिळून 51 तास खर्ची पडले. म्हणजे कुलूप हरले ते सवडीपुढे, असे आम्ही समजतो. आता उमापूरच्या शिवारात या. धनी रात्री उसाला पाणी देतो आहे, मोटारसायकल बांधावर आहे, हँडल पक्के कुलूपबंद! पण तिजोरी भिंतीत असते, गाडी चाकांवर. दोघातिघांनी ती उचलून टेम्पोत घातली, की कुलपासकट हॉब्जची सवडही चोराला मिळाली. भोंगा वाजेल खरा. पण उसाच्या आत मोटारीच्या घरघरीत तो धन्याला ऐकू जायचा कसा?