पैसा सगळ्यांचा, तर पाणीही सगळ्यांचं

महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला ठाऊक आहे. आज सांगायची आहे ती त्याच्या साडेतीन वर्षं आधी निघालेल्या एका सरकारी कागदाची गोष्ट.

४ ऑगस्ट १९२३. मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. जे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा सरकारी पैशातून बांधल्या-सांभाळल्या जातात, त्या अस्पृश्य मानलेल्यांनाही वापरू द्याव्यात. सरकारी शाळा, दवाखाने, कचेऱ्या, कोर्टंसुद्धा. पैसा सगळ्यांचा, तर पाणीही सगळ्यांचं, असा सरळ हिशेब.

११ सप्टेंबरला सरकारने आपल्या खात्यांना अंमल करायला कळवलं. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मात्र कलेक्टरांनी नुसता सल्ला द्यायचा होता. आता सल्ला काय, मानला तर मानला, नाहीतर कागद फडताळात!

महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तळं कागदावर खुलं झालं, पण काठावर जायची सोय नव्हती. १९२६ च्या ऑगस्टात बोल्यांनी दुसरा ठराव आणला : ज्या संस्था ऐकत नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान थांबवा. दुखणं नेमकं कुठं आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

२० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर हल्ले झाले, तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं. ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. भांडण कोर्टात गेलं. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकारी कागद निघाल्यापासून साडेतेरा वर्षं गेली होती.

बोले ठरावातला तोच हिशेब पुढे संविधानात आला. कलम १५ सांगतं : सरकारी पैशातून सांभाळलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते वापरताना धर्म, जात किंवा बाई-पुरुष म्हणून कुणाला अडवायचं नाही. २००४ साली सुप्रीम कोर्टाने शाळेतल्या दुपारच्या जेवणासाठी स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितलं. तेही याच वाटेवरचं पाऊल.

बायांनो, शाळेचा पोषण आहार कितीतरी गावांत बचत गटच शिजवतात. तेव्हा आपल्या गावात बघा. नळ कुणाच्या वस्तीपर्यंत आला आणि कुठं थांबला? शाळेत चुलीपाशी कुणाला उभं करत नाहीत? पंगतीत कुणाचं ताट बाजूला असतं? तसं दिसलं, तर ग्रामसभेत विचारा : हा पैसा कुणाचा? आणि विचारलेलं इतिवृत्तात लिहून घ्या. महाडचा कागद नुसता पडून राहिला असता. लोक पाण्यात उतरले, म्हणून तो खरा झाला.